बंद पडलेल्या चिरेखाणीत आपली रानझाडं लावायची आहेत, सुरुवात कुठून करू? (राजापूर तालुका)

सड्याकाठी

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, सगळा सडा, म्हणजे उघड्या जांभ्याचं पठार. त्यातल्या दोनेक एकरांत चिरेखाण, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड काढायची खाण, होती. चांगला चिरा संपला तसं ठेकेदाराने मशीन उचललं आणि तो गेला. सपाटीकरण करून देण्याचं बोलणं झालं होतं, ते राहूनच गेलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तिथे काय आहे ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. पश्चिमेची भिंत अडीच-तीन पुरुष उंच, सरळ तासलेली. पात्याच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. तळ बहुतेक उघडा दगड. एका कोपऱ्यात चिऱ्याखालची पिवळट-गुलाबी चिकणमाती उघडी पडली आहे, तिथे पाणी साठतं आणि जानेवारीपर्यंत टिकतं. उत्तरेला खांडक्या (तुटके दगड) आणि लाल भुग्याचा मोठा ढीग, त्यावर रानमोडीचं तण माजलं आहे. पूर्वेला ट्रक उतरायची जुनी वाट. आणि काठाच्या वर तिन्ही बाजूंना न तोडलेला सडा.

गावातून तीन सल्ले मिळाले. एक जण म्हणतो, राडारोडा आणि कचरा टाकायला जागा द्या, खड्डाही भरेल आणि पैसेही मिळतील. दुसरा म्हणतो, अकेशिया लावा, बघता बघता हिरवं होईल. धाकट्या भावाचं म्हणणं, लाल माती आणून सरसकट काजू लावू.

मला मात्र तिथे ऐन, किंजळ, आवळा, करवंद असं आपलं रान हवं आहे. खाणीच्या पलीकडच्या उतारावर ही झाडं अजून उभी आहेत, म्हणजे खाणीआधी इथेही असणारच. पण उघड्या दगडावर ती जगतील का? माती आणावी लागेल का? सुरुंग लावून खड्डे घ्यावे लागतील का? मी डोंबिवलीला असतो. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गावी येणं होतं. एरवी शेजारचे काका लक्ष ठेवतात.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

---

डिचोलीकर

अकेशियाबद्दल तेवढं बोलतो, कारण आमचं अर्धं आयुष्य ते बघण्यात गेलं आहे.

गोव्यात लोहखनिजाच्या खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगराएवढे ढीग आहेत. त्यांच्यावर वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि सुरू लावला गेला. झाडं वाढली, ढीग काही प्रमाणात धरलेही गेले, ते नाकारत नाही. पण आज त्या झाडांखाली जाऊन बघा. विळ्याच्या आकाराची ती चिवट पानं थरावर थर साचलेली असतात, लवकर कुजत नाहीत. खाली गवत नाही, रोपटी तुरळक. फळ खायला पक्षी येतात म्हणावं तर खाण्यासारखं फळही फारसं नाही. लांबून जंगल दिसतं, आत गेलं की सुनं.

काही ठिकाणी आता अकेशिया विरळ करून मध्ये स्थानिक झाडं घालावी लागतात. तुमच्या खाणीत अजून अकेशिया नाही, हे मोठं सुख समजा. आयतं काम वाढवून घेऊ नका.

---

करवंदीची जाळी

सड्याकाठी दादा, मी लांज्याजवळ रानझाडांची लहानशी रोपवाटिका चालवते आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या बंद चिरेखाणींवर लोकांबरोबर काम करते. त्या अनुभवावरून लिहिते. लांबेल, पण तुम्ही जागेचं वर्णन इतकं नीट केलंय की तोकडं उत्तर द्यायला मन होत नाही.

आधी कचऱ्याचं. तो विषय आजच बंद करा. जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीत टाकलेल्या कचऱ्याचं पाणी पावसाळाभर झिरपत खालच्या वाडीच्या विहिरींकडे जातं. एकदा गेलं की ते परत काढता येत नाही, आणि त्या विहिरीचं पाणी पिणारी माणसं तुमच्याच गावची असतात.

बाहेरची लाल मातीही नको. ती कुठल्या तरी दुसऱ्या डोंगराची साल खरवडूनच येते. शिवाय उघड्या दगडावर पसरलेली माती आपल्याकडचा पाऊस ठेवत नाही. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, सगळी जाऊन त्या पाण्याच्या कोपऱ्यात बसेल. तुमच्याकडे माती आहेच. ती उत्तरेच्या ढिगात आहे, आणि दर पावसात काठावरून थोडी थोडी तळात उतरते आहे. तिला अडवायचं, एवढंच पहिल्या वर्षाचं काम. झाडांची घाई करू नका.

अडवायचं कसं? गडग्यांनी, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या बांधांनी. खांडक्या फुकट पडल्या आहेत. मे महिन्यात गावी याल तेव्हा दोन गडी घ्या आणि तळात पाणी ज्या वाटेने धावतं त्या वाटेला आडवे, गुडघाभर उंचीचे गडगे रचा. सिमेंट अजिबात नको. पाणी गडग्यातून गाळून पुढे गेलं पाहिजे आणि गाळ मागे राहिला पाहिजे. आपल्या गावातल्या जुन्या माणसांना गडगा रचायला शिकवावं लागत नाही, शेजारच्या काकांनाच विचारा. ढिगाच्या पायथ्याशीही एक लांब गडगा घाला.

गणपतीत याल तेव्हा गडग्याच्या वरच्या अंगाला वाकून बघा. चार बोटं तांबडा गाळ बसलेला असेल. त्यात टाकळा उगवलेला असेल, कडेला बुटकं गवत, आणि नशीब चांगलं असेल तर पिवळ्या फुलांचा कवला. कवला आला की समजायचं, काम मार्गी लागलं. तो शेंगवर्गातला आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, आणि ज्या मातीत काहीच नाही तिथे नत्राचीच सगळ्यात जास्त ओढ असते. ही उगवण कुणी उपटू नये असं काकांना बजावून ठेवा. गावात साफसफाईच्या नावाखाली पहिली तीच जाते. टाकळ्याची कोवळी पानं भाजीला खुडली तर हरकत नाही, मूळ राहिलं म्हणजे झालं.

आता झाडं. खाणीत सगळीकडे एकच झाड चालत नाही, कारण तुमच्याकडे निदान चार तऱ्हेच्या जागा आहेत.

ढिगावर रानमोडी आहे ती एकदम सगळी काढू नका, नाहीतर ढीगच पावसात खाली येईल. आडवे पट्टे धरा, एका वर्षी एक सोडून एक. उपटायची ती पावसात, माती मऊ असताना, मुळासकट आणि फुलायच्या आधी. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात लगेच कुडा, धायटी, निर्गुडी, करवंद. ही झुडपं भुसभुशीत मातीत पटकन पाय रोवतात आणि ढोरं त्यांना फारशी लागत नाहीत. झुडपांची सावली पडली की रानमोडीचा जोर आपोआप कमी होतो, तिला ऊन लागतं.

तळात ऐन, किंजळ, असाणा, कुंभा, आवळा. पण मोजून दहा बाय दहा फुटांवर रांगेत नाही. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात, कातळ कुठे शेवटी सुकतो ते बघून ठेवा. तिथे भेग असते. पहार टोचून बघा; जिथे पहार जाते तिथे मूळ जातं. सुरुंगाची काही गरज नाही. उलट सुरुंगाने भिंतीचे सैल झालेले दगड खाली येण्याची भीती. अशा प्रत्येक भेगेशी खांडक्यांचं अर्धगोल कोंडाळं करायचं, उघडी बाजू चढाकडे, त्यात ढिगातली माती आणि पालापाचोळा भरायचा आणि रोप लावायचं. रोप वीतभरच घ्या. कंबरभर उंचीचं रोप बघायला छान वाटतं, पण पिशवीत त्याचं मूळ गुंडाळलेलं असतं आणि कातळात ते खाली उतरत नाही.

पांगारा आणि शेमट यांना रोपही लागत नाही. मे अखेरीस मनगटाएवढ्या जाड मेढी तोडून गडग्यांच्या कडेने ठोका, पावसात फुटतात. पांगारा नत्रही धरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलला की मैना, बुलबुल, कोतवाल सगळे त्यावर येतात. आलेला पक्षी पोटात बी घेऊन येतो. म्हणून झाडं मोठी होईपर्यंत तळात दोन-चार वाळकी फांदेरी झाडंच उभी करून ठेवा, पक्ष्यांना बसायला. त्यांच्याखाली काय काय उगवतं ते तुम्ही न लावताच मिळतं.

भिंतीला हात लावू नका. तिच्या भेगांत पायर, पिंपळ, नेचे स्वतःहून येतील. फक्त वरच्या काठाने, कड्यापासून चार-पाच हात आत, कंबरभर गडगा आणि त्याला लागून करवंदीची दाट ओळ हवीच. अशा खाणींत गुरं पडतात, आणि मुलंही.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. काठावरचा न तोडलेला सडा तसाच राहू द्या. तिथे एकही झाड लावू नका. लोकांना सडा म्हणजे पडीक जागा वाटते, कारण बहुतेक जण तो उन्हाळ्यात बघतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर तिथे पांढरी दिपकाडी उभी राहते, जी आपल्या कोकणाबाहेर कुठे मिळत नाही. मग गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा. यांना बोटभर माती आणि लख्ख ऊन लागतं. झाडाच्या सावलीत ही सगळी मरतात. आणि हाच सडा तुमच्या खाणीला बियाणं पुरवणार आहे, पावसाच्या पाण्याबरोबर, फुकट.

आणखी एक. तुमच्या तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी कातळशिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या सड्यावरही मातीखाली काही असू शकतं. जेसीबी वर चढवण्याआधी सगळा सडा पायी फिरून, खराट्याने झाडून बघा.

---

काळा पाषाण

वरचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मी पुण्याचा. आमच्याकडे दगडखाणी बेसॉल्टच्या, तिथे जांभ्यासारखी ओल दगडात राहत नाही, त्यामुळे झाडं वेगळी: हिवर, खैर, सालई, गणेर, मेडशिंगी, आपटा आणि खाली कुसळी, पवना, मारवेल ही गवतं. कोकणातली यादी देशावर उचलून आणू नये आणि उलटही करू नये, एवढं वाचणाऱ्या इतरांसाठी.

सुरुंगाचा प्रश्न होता म्हणून सांगतो. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा उद्यान आहे. २००६ पासून तिथे प्रदीप कृष्ण यांनी वेड्या बाभळीने व्यापलेला ज्वालामुखी खडक मोकळा करून थरच्या वाळवंटातली झाडं-झुडपं वाढवली. बाभळीची मुळं कातळातून खणून काढायला त्यांना तिथले परंपरेने दगडाचं काम करणारे खांडवालिया लोक मिळाले, आणि छिन्नी-हातोड्याने काम झालं. ज्याला दगड कळतो असा माणूस यंत्रापेक्षा कामाचा. तुमच्याकडे खाणीवर काम केलेले जुने कामगार असतीलच, त्यांना शोधा.

दुसरं उदाहरण गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान. ती जुनी खाणींची जमीन. २०१० पासून नागरिक आणि महापालिका यांनी मिळून तिथे अरवलीतलीच झाडं परत आणली, आपल्या धावड्याचा भाऊ असलेला धौ, सालई वगैरे. बहुतेक रोपं कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नव्हती, म्हणून बी गोळा करून स्वतः वाढवली. २०२२ साली संरक्षित जंगलाबाहेर जैवविविधता जपणारं क्षेत्र म्हणून देशात पहिला मान त्याला मिळाला.

आणि कायद्याचं: खाणकाम संपल्यावर ती जमीन पुन्हा गवत आणि चारा उगवण्याजोगी करून देण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी सांगितलं आहे. तुमची खाण त्याआधीची असेल, तरी मूळ परवान्याची प्रत काढून अटी वाचा. जिल्ह्याच्या खनिकर्म विभागाकडे अर्ज करून ती मागता येते.

---

सड्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. जाळीताई, तुमचा प्रतिसाद छापून काकांना पाठवला. त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि गडगे मीच रचतो म्हणाले, गडी नकोत.

तीन शंका आहेत. उन्हाळ्यात पाणी घालायचं कसं, कारण मी नसतो आणि काकांचं वय झालंय. गावात भातकापणीनंतर गुरं मोकळी सोडतात आणि शिमग्याच्या आसपास दरवर्षी सड्यावर वणवा फिरतो, त्याचं काय करायचं? आणि भावाचा काजूचा हट्ट. तो गावी परत यायचं म्हणतोय, त्याला उत्पन्न हवंच आहे. त्याला नुसतं नाही म्हणणं मला जड जातंय.

---

करवंदीची जाळी

भावाला नाही म्हणू नका. काजू बाहेरून आलेला असला तरी आज कोकणातली किती घरं त्याच्यावर चालतात ते आपण जाणतो. ट्रकच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना माती खोल असते, कारण ती भर टाकूनच केलेली असते. तेवढी पट्टी त्याला द्या, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जातींची कलमं लावू दे. त्यालाच सांगा की आवळा आणि करवंदही विकलं जातं. करवंदाचं लोणचं, सरबत, आवळ्याची कँडी करणारे बचतगट आपल्या भागात आहेत. जो माणूस रोज तिथे जाणार आहे त्याला त्या जागेतून चार पैसे मिळाले तर तोच वणवा विझवायला पहिला धावेल. मला तर तुमचा भाऊ गावी परत येतोय हीच या सगळ्यातली उत्तम बातमी वाटते.

पाण्याचं: जागच्या जागी बियाण्यातून उगवलेल्या किंवा वीतभर रोपातून वाढलेल्या ऐन-किंजळाला पहिला उन्हाळा काढून द्यावा लागतो, दुसऱ्यापासून ते आपलं आपण बघतात. तुमच्या कोपऱ्यात जानेवारीपर्यंत पाणी आहे, ते तोवर वापरा. नंतर दर रोपाशी एक मडकं, बुडाला बारीक छिद्र आणि त्यात कापडाची वात, मानेपर्यंत पुरून ठेवलेलं. आठवड्यातून एकदा भरलं तरी चालतं. रोपाभोवती पालापाचोळ्याचा वीतभर थर घाला आणि त्यावर खांडक्या ठेवा, नाहीतर वारा उडवून नेतो. ऐनाची पानं मार्च-एप्रिलमध्ये झडली की रोप मेलं समजून उपटणारे लोक मी पाहिलेत. नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे.

पाण्याचा कोपरा खोल करू नका आणि त्यात मासे सोडू नका. डासांसाठी म्हणून गप्पी सोडतात, ते बेडकांची अंडी आणि पिल्लंही खातात. बेडूक आणि चतुर राहिले तर डासांचा बंदोबस्त तेच करतात. एका बाजूने खांडक्यांचा उतार मात्र करून द्या, पाण्यावर आलेलं जनावर घसरलं तर वर येऊ शकलं पाहिजे.

वणव्यासाठी डिसेंबर संपायच्या आत काठाभोवती आठ-दहा हात रुंद पट्टा कापून मोकळा करा. गवत कापून न्यायला गावातल्या गुरंवाल्यांना बोलवा. त्यांना चारा मिळतो, तुमचा पट्टा साफ होतो, आणि ज्याने तिथून चारा नेला तो गुरं आत घालताना दोनदा विचार करतो. गवत मुळासकट उपटू नका आणि पट्टा जाळून करू नका. जाळणाऱ्याच्या हातून तो कधी सुटतो आणि वणवा तिथूनच सुरू होतो. गुरांसाठी कुंपणाच्या तारेवर पैसे घालू नका. गडगा, त्यावर करवंदीच्या वाळक्या काट्या, आणि मध्ये मध्ये शेमटाच्या मेढी, त्या फुटल्या की कुंपण जिवंत होतं.

रोपं माझ्याकडे थोडी मिळतील, पण जमेल तेवढं बी तुमच्याच उतारावरचं घ्या. त्या झाडांनी तोच कातळ आणि तोच वारा सोसलेला आहे. शिमग्याला याल तेव्हा ऐनाची पंखांची फळं वाळलेली असतील, झाडाखालून न उचलता झाडावरची घ्या, खालच्यांना कीड असते. किंजळाचंही त्याच सुमारास मिळतं, पण त्यात पोचट फार, म्हणून दुप्पट गोळा करा. मेमध्ये करवंदं आणि शिवणीची फळं, आणि शेवटी जांभूळ. करवंद आणि जांभूळ यांचं बी वाळवून ठेवायचं नाही, खाल्लं की धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत लावायचं. ऐनाच्या फळांचे पंख कातरून, रात्रभर पाण्यात भिजवून मग पेरा. पिशव्यांत ढिगातली माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. या शिमग्याला बी काढलंत तर रोपं पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये लावण्याजोगी होतील, आणि तोवर गडग्यांमागे एक नव्हे दोन पावसाळ्यांचा गाळ बसलेला असेल.